नकार कोणी कळवायचा

कलम आठपर्यंत कोणीच कोणाशी भांडलं नाही, तेव्हाच मापवालीला धोका कळला.

या घराण्यात चहात साखर किती घालावी यावर दोन बैठका होत आणि दुसऱ्या बैठकीत पहिलीचा निषेध नोंदवला जाई. आज मात्र देणगी कशी मागावी, पावती कोणी फाडावी, रुग्णाचा फोटो छापण्याआधी त्याची परवानगी कशी घ्यावी, अशी आठ कलमं दीड तासात मंजूर झाली होती. सगळे एकमेकांशी इतक्या हळू आवाजात बोलत होते, की शेजारच्या खोलीत कोणी अत्यवस्थ आहे असं वाटावं. अत्यवस्थ होतं ते नववं कलम, आणि ते टेबलावरच पडलं होतं.

रविवार असल्याने घराण्याच्या संस्थेचा कृत्रिम हातांचा कारखाना बंद होता. बैठक माप घ्यायच्या खोलीत भरली होती, कारण मोठं टेबल तेवढं तिथेच होतं. भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे पांढरे साचे. प्रत्येक रुग्णाचे दोन: एक तुटलेल्या हाताचा आणि शेजारी त्याच माणसाच्या धडक्या हाताचा, म्हणजे नवा हात जुन्याच्या जोडीला शोभावा. मापवाली या खोलीत नऊ वर्षं बसत होती आणि या हातांची तिला कधी भीती वाटली नव्हती. आज ते सगळे सभेला आल्यासारखे दिसत होते.

टेबलाच्या डोक्याशी थोरले दीर, वकील. त्यांनी वकिली सोडून सहा वर्षं झाली होती, वकिलीने त्यांना अजून सोडलं नव्हतं. त्यांच्या समोर नणंद, हेडबाई. निवृत्त झाल्या तरी लाल पेनाशिवाय घराबाहेर पडत नसत. आणि कोपऱ्यात ती स्वतः, धाकट्या भावाची बायको. नवरा गेल्यावर तिने त्याची टेप गळ्यात अडकवली आणि त्याचं स्टूल घेतलं, तेव्हापासून तिला सगळे मापवालीच म्हणत. देणग्यांचे निर्णय या तिघांच्या समितीकडे होते.

नियमावलीची वेळ आली ती धर्मादाय कचेरीच्या पत्रामुळे. महिनाअखेरपर्यंत देणग्यांबाबतचे नियम आणि कार्यपद्धती लेखी द्या, नाहीतर देणग्या मागण्याची परवानगी थांबवू, असं त्यात होतं. साठ वर्षं संस्थेला एकच नियम होता, सासऱ्यांचा. ते मूळचे सुतार. ते म्हणत, "मागताना लाजायचं नाही, घेताना लाज सोडायची नाही." वकिलांनी पहिल्या खेपेला तेवढंच वाक्य टाइप करून पाठवलं होतं. कचेरीकडून उत्तर आलं, "कृपया विस्तार करावा."

"वाच आता नववं," हेडबाई म्हणाल्या.

वकिलांनी वाचलं, "रुग्णांच्या नोंदीत बदल करण्याची अट असलेली कोणतीही देणगी संस्था स्वीकारणार नाही." मग चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ असला की त्यांना पुसायला जास्त वेळ लागे. "भाषा जरा कडक वाटते. इथे एक 'शक्यतो' घालू या. 'शक्यतो स्वीकारणार नाही.'"

"तीस वर्षं मी पोरांना काय सांगत होते, दादा? शक्यतो वरच्या मजल्यावरून उडी मारू नये?"

"अगं, कागद लवचीक असावा."

"कागद लवचीकच असतो. गुंडाळी करून खिशात घालता येते त्याची. आपल्या व्याह्यांचा खिसा तर मोठाच आहे."

व्याही हा शब्द आज पहिल्यांदाच उच्चारला गेला.

व्याह्यांचा पत्रे कापायचा आणि ठोकायचा कारखाना होता. मोठमोठ्या प्रेस मशीन. मशीनला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. व्याह्यांच्या कारखान्यात ती काम भराभर व्हावं म्हणून काढून ठेवत. या वर्षी तिथले अकरा जण मापवालीसमोर बाही दुमडून बसले होते. संस्थेच्या अर्जावर शेवटचा रकाना होता, 'हात कुठे गेला'. शब्द सासऱ्यांचे. एका म्हाताऱ्याने पूर्वी "मला काय माहीत, डॉक्टरांना विचारा" असं उत्तर दिलं होतं आणि सासऱ्यांनी ते तसंच उतरवून घेतलं होतं. त्या कागदाची नक्कल कामगार कोर्टात भरपाई मागताना पुरावा म्हणून चाले. पुष्कळांकडे दुसरा पुरावाच नसे.

दोन महिन्यांपूर्वी व्याह्यांनी संस्थेला दोनमजली इमारत बांधून द्यायची तयारी दाखवली. लिफ्टसकट. फक्त अर्ज जरा सुटसुटीत करावा, तो शेवटचा रकाना काय कामाचा, असं म्हणाले.

मापवालीची एकुलती एक लेक, बारकी, त्यांची धाकटी सून होती. स्थळ वकिलांनीच आणलं होतं. बारकीला चार वर्षांचा मुलगा होता, पिल्लू. आणि त्या घरात एक थोरली सूनही होती, म्हणजे असायची. तिच्या भावाने एकदा कुठल्याशा जमिनीच्या कागदावर सही करायला नकार दिला. व्याह्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. सुनेला म्हणाले, दमलेली दिसतेस, माहेरी जाऊन आठ दिवस आराम कर. ती तीन वर्षं आराम करत होती. तिचा मुलगा मात्र आजोबांकडेच राहून शिकत होता, आणि हुशार होता म्हणत.

म्हणून मापवाली मनातल्या मनात 'शक्यतो'च्या बाजूने होती. त्या एका शब्दात तिची लेक आणि नातू दोघंही मावत होते.

बाहेर गाडी थांबली आणि बारकी आत आली. एकटीच.

"पिल्लू कुठेय?" मापवालीने विचारलं. ये, बस, पाणी घे, हे सगळं ती विसरली.

"घरी. बाबांजवळ. ते स्वतःच म्हणाले, तू जाऊन ये, मी सांभाळतो." व्याह्यांना ती बाबा म्हणे. तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. "हे द्यायला सांगितलंय."

कागद त्यांच्याच मसुद्याचा होता. समासात हिरव्या शाईने बारीक, सुबक अक्षरात शेरे होते. कलम दोनमधली चूक दुरुस्त केलेली. कलम सहाला 'स्तुत्य'. कलम नऊच्या पुढे 'उत्तम'. आणि सगळ्यात खाली: 'चार वाजता चहाला येतो.'

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मसुदा त्यांच्याकडे गेला कसा?" वकिलांनी आवाज अगदी कोर्टातल्यासारखा खाली आणला. "या खोलीबाहेर कोणी नेला?"

"माझ्याकडे काय बघतोस?" हेडबाई म्हणाल्या. "मी तो माणूस दिसला की रस्ता बदलते. तुम्ही दोघं मात्र लग्नकार्यात शेजारी शेजारी बसता."

"शेजारी बसणं म्हणजे फितुरी नव्हे."

"मग राहिलं कोण?"

दोघांच्याही नजरा एकदमच कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळल्या. मघाशी ती भावंडं एका वाक्यावर एकमेकांना फाडत होती, आता दोन क्षणांत एक झाली. मापवालीला त्याचं नवल वाटलं नाही. ती या घरात तीस वर्षं सून होती.

"तुझं कारण समजण्यासारखं आहे," वकील मऊपणाने म्हणाले. ते मऊ बोलले की ऐकणाऱ्याला शिक्षा झालेली असे.

"भाऊजी, मला द्यायचाच असता तर मी तुमचा 'शक्यतो' घालून दिला असता," मापवाली म्हणाली.

"काका, तो दारात भिंतीवर लावलाय," बारकी म्हणाली. "सोमवारपासून. ड्रायव्हरने फोटो काढला."

कोणताही नवा नियम पक्का होण्याआधी सात दिवस दारातल्या भिंतीवर लावायचा, रुग्णांना काही म्हणायचं असलं तर म्हणू द्यायचं, ही सासऱ्यांची रीत. सोमवारी वकिलांनी स्वतः मसुद्याला पिना टोचल्या होत्या आणि हेडबाईंनी "डावीकडून जरा वर घे" असं सांगितलं होतं.

"रीत चांगली आहे," वकील शेवटी म्हणाले. "फक्त तिचा विसर पडू नये."

मापवालीची माफी कोणी मागितली नाही. हेडबाईंनी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, या घरात माफीची मजल तिथपर्यंतच जाई.

मग हेडबाईंनी बारकीकडे नीट पाहिलं. तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे, आणि सारख्या दाराकडे वळणाऱ्या नजरेकडे. मघापासून तलवारीसारखं धरलेलं लाल पेन त्यांनी उघडलं. "मीच लिहिलंय, मीच खोडते. पोर तिकडे आहे. कलमं काय, पुन्हा लिहिता येतात."

"थांब," वकील म्हणाले. "तसंही करता येत नाही. कलम चार मघाशीच मंजूर केलंय आपण. ज्या सभासदाचं देणगीदाराशी नातं असेल त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर जायचं. आपण तिघंही त्यांचे व्याही. तिघांनीही बाहेर जायला हवं."

"मग आत कोण राहतं?"

वकिलांनी फळ्यांकडे पाहिलं. शेकडो पांढरे हात. त्यांतले निम्मे, मतदान करायचंच झालं तर, वर करायला पंजा नसलेले.

"पण मला वाटतं," ते घाईने म्हणाले, "आपण देणगीवर निर्णय घेतच नाही आहोत. नियमावर घेतोय. नियमाला सासर नसतं."

"मग खोडते," हेडबाई म्हणाल्या.

"आत्या, नको खोडू."

बारकी अजून उभीच होती. तिने बसायचं नाकारलं नव्हतं, तिला ते सुचलंच नव्हतं.

"बारावा हात गेला," ती म्हणाली. "गुरुवारी. उजवा, मनगटापासून. जेवताना बाबा म्हणाले, आपल्याच माणसांकडे पाठवा त्याला, ते हात छान बसवतात. मग भाजी वाढून घेतली. मग मला म्हणाले, आईला सांग, कागद मात्र साधा ठेवायला. पिल्लू शेजारी बसला होता. त्याने विचारलं, आजोबा, हात परत उगवतो का. बाबा म्हणाले, हो, तुझी आजी तो उगवून देते." ती थांबली. "तो तिथे मोठा होणार आहे, आई."

मापवालीने टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. लेक काय सांगते आहे ते तिला कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

हेडबाईंनी पेनाला टोपण लावलं. कलम नऊ मंजूर झालं. 'शक्यतो'ची आठवण वकिलांनी काढली नाही. ते दाराकडे पाठ होईल अशा खुर्चीवर जाऊन बसले.

पण कचेरीला नुसता नियम चालत नव्हता, कार्यपद्धतीही हवी होती. कलम नऊखाली ओळ होती: 'नकार ........ यांनी तीन दिवसांच्या आत समक्ष कळवावा.' टिंबांची जागा रिकामी होती. तीन आठवडे ती तशीच होती, आणि आता चाराला वीस मिनिटं कमी होती.

"डॉक्टरांनी मला उत्तेजित व्हायला मनाई केली आहे," वकील म्हणाले.

"मी बोलायला लागले की शाळा भरते," हेडबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. "मी त्याला चार शब्द सुनावीन आणि ते चारही या पोरीला तिकडे फेडावे लागतील."

"पत्र पाठवावं," वकील म्हणाले.

"समक्ष असं तूच लिहिलंयस."

"तेव्हा कोणाला कळवायचं ते कुठे माहीत होतं."

"तेव्हाही हाच माहीत होता, दादा. साठ कलमं झाली असती तरी या सगळ्यात माणूस एकच आहे."

मापवालीने कागद ओढून घेतला. भाऊजी बोलले तर वाक्यात पळवाट ठेवतील. ताई बोलल्या तर वाक्यात काटा ठेवतील. तुटलेल्या हाताचं माप घेताना टेप किती ओढायची, हे एवढंच तिला जगात नीट येत होतं: सैल राहिली तर हात बसत नाही, घट्ट झाली तर माणूस कळवळतो. तिने टिंबांवर लिहिलं, 'नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीने'. अक्षर गोल आलं.

व्याही चार वाजता आले. चाराच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. दारात चपला काढून, जोडीने नीट लावून आत आले.

"सगळेच बसलात. वा. पिल्लू गाडीत झोपलाय, हट्ट करून आला." ते फळ्यांपाशी गेले, धडक्या हाताचा एक साचा उचलून हलकेच फिरवला. "काय सुंदर काम. बोटांवरच्या रेघासुद्धा येतात. यावर नाव नसतं?"

"नंबर असतो," मापवाली म्हणाली.

"नुसता नंबर. छान. कागदावरही असंच असावं." त्यांनी साचा परत ठेवला, पण आधी होता तिथे नाही. "विहीणबाई, साखर नको हं मला."

हेडबाईंनी बिनसाखरेचा चहा त्यांच्यापुढे ठेवला. तो चहा एकाही बैठकीशिवाय ठरला. वकील कप उचलून त्यात बघत बसले.

"कलम नऊ झालं का मंजूर?"

"झालं," मापवाली म्हणाली.

"मग तुम्ही मला समक्ष कळवायला हवं. कोण कळवणार?" त्यांनी वकिलांकडे पाहून स्मित केलं. वकिलांच्या कपाची बशी वाजली.

मापवाली उठून उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती, पण बसल्या जागी तिला श्वास पुरला नसता. तिला बारकीकडे बघायचं नव्हतं. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही धड होते, नखं स्वच्छ कापलेली.

"तुमची इमारत संस्थेला घेता येत नाही," ती म्हणाली. "रकाना राहणार आहे. कालपर्यंत त्यात तुमच्याकडचे अकरा होते. गुरुवारचा आला की बारा लिहीन."

एवढंच.

व्याह्यांनी चहाचा घोट घेतला. "नियम म्हणजे नियम. मला नियमाची माणसं आवडतात." कपाळाला आठी नाही, आवाजात चढ नाही. मापवालीला वाटलं, त्यांनी शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं. "इमारतीचं काय, दुसरीकडे बांधू." मग ते सुनेकडे वळले. "तू मात्र फार दमलेली दिसतेस गं. राहा आईकडे आठ दिवस. आराम कर. पिल्लू आहे माझ्याजवळ."

'आराम' हा शब्द खोलीत सगळ्यांना कळला. हेडबाईंचा हात टेबलावर चालत चालत बारकीच्या हाताकडे निघाला.

तो पोहोचायच्या आत बारकी दारात होती.

"नाही बाबा, मी मुळीच दमले नाही," ती तिथूनच म्हणाली. "तुमचा चहा होऊ द्या सावकाश. मी पिल्लूजवळ बसते."

चपला पायात नीट सरकवल्याशिवायच ती गेली. गाडीचं मागचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला. व्याही कप हातात धरून तसेच बसले. त्यांच्या कपाळावर पहिल्यांदाच एक बारीक रेघ उमटली, आणि मापवालीला त्या रेघेची, आजवरच्या सगळ्या हसण्यांपेक्षा जास्त, धडकी भरली.

ती बाहेर धावली. मागच्या सीटवर पिल्लू आईच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपला होता. बारकीने एक हात त्याच्या पोटावर आणि दुसरा दाराच्या कडीवर ठेवला होता.

"उतर गं," मापवाली खिडकीशी वाकून म्हणाली. "त्याला घे आणि उतर."

"घेऊन उतरले तर उद्या बाबा कोर्टात जातील, आणि काका तारखा मोजत बसतील. घरात असले तर पोर माझ्याजवळ राहील." तिचा आवाज तिच्या बापासारखा आला, कामात असतानाचा. "रोज संध्याकाळी सातला फोन करीन. रोज. एखाद्या दिवशी नाही आला तर..."

पुढचं दार उघडून व्याही आत बसले. "येतो, विहीणबाई. चहा चांगला होता." बारकीने वाक्य तिथेच सोडलं. गाडी वळून गेली.

मापवाली आत आली. वकील आणि हेडबाई एकमेकांच्या शेजारी बसले होते, गेल्या कित्येक वर्षांत बसले नसतील तसे. व्याह्यांनी चुकीच्या जागी ठेवलेला साचा तिने उचलून त्याच्या जोडीपाशी लावला. मग तिघंही फोनकडे बघत बसली. कोणी घरी जायचं नाव काढलं नाही.

सहा वाजले. साडेसहा झाले. सात झाले.

सात वाजून एक मिनिट. सात वाजून दोन मिनिटं. हेडबाई म्हणाल्या, "घड्याळं सारखी नसतात गं." वकील म्हणाले, "नियमाप्रमाणे थोडी सवलत धरायची असते." त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता, कुठलाच नव्हता.

सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"जेवलीस का?" बारकीने विचारलं. पिल्लू जागा आहे. दूध सांडलंय. उद्या त्याला नवे बूट आणायचेत. मागून कोणीतरी "कोण आहे?" असं शांतपणे विचारलं, आणि बारकी म्हणाली, "आई." मग तोच आवाज, आता जवळून: "माझा नमस्कार सांग." फोन बंद झाला.

मापवालीने कलम नऊचा कागद पुढे घेतला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'रोज सायंकाळी सात वाजता फोन यावा. न आल्यास'. एवढं लिहून ती थांबली. वकील पुढे वाकले, हेडबाईही वाकल्या. तिघंही बराच वेळ त्या शब्दाच्या पुढच्या जागेकडे पाहत राहिली. साठ वर्षांच्या संस्थेत त्यापुढे काय लिहायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.